डग्ग्यासाठी भट्टीतली वाळू

आमच्या गावात आवाज करणाऱ्या कुठल्याही विजेच्या वस्तूला भोंगा म्हणत. लग्नात झाडाला बांधायचा तो भोंगा, सभेत वक्त्याच्या डोक्यावर टांगायचा तो भोंगा, आणि आमच्या दाजींनी मुंबईहून आणवलेली, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या दिवाणखान्यातली ती भलीमोठी लाकडी वस्तू, तीही भोंगाच. दाजींना हे आवडत नसे. ते 'लाउडस्पीकर सिस्टीम' म्हणत, आणि म्हणून झाल्यावर जरा थांबत, म्हणजे ऐकणाऱ्याला चकित व्हायला वेळ मिळे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्याच्या कापूसबाजारात त्यांची अडत होती. कापसाची गाडी आली की ते बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालत, मूठभर कापूस बाहेर काढून तळहातावर चोळत आणि गाडीवाल्याकडे न बघता म्हणत, "वाळू." वजन वाढावं म्हणून कापसात वाळू मिसळणं हा तेव्हा काही फार मोठा गुन्हा समजला जात नव्हता, पकडलं जाणं हा समजला जाई. दाजींच्या बोटांची बाजारात ख्याती होती आणि ती रास्त होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्या बोटांमुळेच झालं.

मी तेव्हा जालन्यात हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. मराठवाडा नुकताच हैद्राबादेतून मुंबई राज्यात आला होता. वर्गातल्या नकाशाचा रंग बदलला होता, शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न जुन्याच राज्यात राहिला होता. त्याच सुमारास वडिलांना लकवा झाला आणि आई त्यांना घेऊन केदारखेड्याहून माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी आली. गावी त्यांची शेती होती, पण लोक त्यांना ओळखत ते तबल्यामुळे. देवळातलं भजन असो, नाहीतर भोकरदनकडून येणारा एखादा गवई मुक्कामाला थांबलेला असो, साथीला वडीलच बसत. लकव्यात त्यांची डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने थोडाफार परत आला. हात आला नाही.

डावा हात गेला म्हणजे डग्गा गेला. उजवा तबला बोल स्पष्ट सांगतो, पण डग्गा नसला तर ते पाढे म्हटल्यासारखं होतं. आईने सामानाबरोबर दोन्ही आणले होते. तबला खुंटीला टांगला, डग्गा खाटेखाली सरकवला आणि त्यावर जुनं धोतर टाकलं. 

माझ्याकडे एक लहान रेडिओ होता. संध्याकाळी गाणं लागलं की मी तो वडिलांच्या उशाशी ठेवायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "डग्गा कुठंय?"

मी म्हटलं, वाजतोय की.

"टकटक वाजून राह्यली. ती उजव्याची. माझा डग्गा गेला ते ठीक हाय. ह्याचा कुठं गेला?"

प्रश्न विज्ञानाच्या मास्तराला होता, म्हणून मी उत्तर दिलं. स्पीकरचा कागदी पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा त्याच्या पाठीमागे तेवढीच हवा ओढली जाते. बारीक, चढ्या आवाजाला याचा त्रास नाही, तो सरळ पुढे निघून जातो. पण खर्जाचा आवाज वळसा घालतो. पुढची हवा रेडिओच्या वीतभर पेटीला वळसा घालून मागच्या पोकळीत शिरते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. खर्ज ऐकायचा तर पडदा मोठा हवा, आणि त्याच्या पुढच्या-मागच्या हवेमध्ये मोठी भिंत हवी. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे न्हाई म्हण ना." मग त्यांनी रेडिओ बंद करायला सांगितला. पुढचे काही महिने तो फक्त बाजारभावांपुरता लागत असे.

दाजींचा भोंगा येणार ही बातमी अशा घरात आली. ताईने ती सांगितली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्याचा पडदा केवढा असतो.

माल मुंबईहून मनमाडपर्यंत मोठ्या गाडीने आला, तिथे लहान गाडीत बदलला आणि मग जालन्याला पोचला. मनमाडला माल बदलताना वस्तू कशा हाताळतात हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. मी दाजींबरोबर स्टेशनात होतो. गोणपाट सोडलं तेव्हा आतून छातीइतकी उंच, रुंद, जाड फळी निघाली. फळीच्या खालच्या भागात ताटाएवढा स्पीकर, वर वाटीएवढा दुसरा, आणि मागे एका लहान डब्यात तांब्याच्या तारेची वेटोळी व दोन कंडेन्सर. तबकड्यांचं यंत्र आणि व्हॉल्व्हचा अँप्लिफायर वेगळ्या खोक्यात होते. फळी उचलायला चार हमाल लागले. मी तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. लाकडासारखा आवाज आलाच नाही. भिंतीवर ठोकल्यासारखं वाटलं.

दाजी तिच्या मागे गेले आणि बराच वेळ मागेच राहिले. मग म्हणाले, "मास्तर, याला पाठच न्हाई."

खरोखरच नव्हती. मी म्हटलं, ही कोपऱ्यात दोन भिंतींच्या मधे तिरकी उभी करायची असणार. खोलीच्या दोन भिंती हीच हिची पाठ. दाजी म्हणाले, मग भिंतींचे पैसे मुंबईच्या व्यापाऱ्याने वजा करायला हवे होते. त्यांचा चेहरा गाडीवाल्यासमोर होई तसा व्हायला लागला होता. एवढ्यात खालच्या कोपऱ्यात, जिथे सांधा जरा उकलला होता तिथे, त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते तळहातावर चोळलं.

मला त्याच दुपारी परीक्षेच्या कामावर भोकरदनला जायचं होतं. गेलो नसतो तर फार काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. त्या बोटांना मी काय सांगणार होतो. परत आलो तेव्हा काम उरकलं होतं. दाजींनी सुतार बोलावून फळीच्या वरची पट्टी काढायला लावली होती. आत दोन पातळ फळ्या आणि त्यांच्यामध्ये ठासून भरलेली बारीक कोरडी वाळू. एवढा पुरावा बाजारात कधी कुठल्या गाडीतही सापडला नव्हता. दाजींनी शेजारपाजारच्या अडत्यांना बोलावून तो दाखवला, मग फळी उलटी करून सगळी वाळू अंगणात ओतली. मुंबईच्या व्यापाऱ्याने लाकडाच्या भावाने वाळू विकली, हे दोन दिवसांत अख्ख्या बाजारात पसरलं. ताईकडे तेव्हा मोरीचं काम चाललं होतं. गवंड्याने ती वाळू चुन्यात कालवून टाकली. चांगली वाळू होती, असं तोही म्हणाला.

त्यानंतर आठवड्याने दाजींनी लोकांना ऐकायला बोलावलं. रिकामी झालेली फळी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी होती, तिला झेंडूचा हार, वरच्या काठावर ताईने विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी. एक वकील, एक डॉक्टर, तहसिलातले एक अधिकारी आणि बाजारातली बरीच मंडळी. वडिलांना मी टांग्यातून नेलं. त्यांनी त्या दिवशी स्वच्छ फेटा बांधला होता. दाजींनी चार शब्द सांगितले. चार शब्दांना चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. मग तबकडी लागली, एका बुजुर्गाचा विलंबित ख्याल.

पहिल्यांदा मला वाटलं जमलं. घराच्या छातीत काहीतरी हललं. वडील काठीवर पुढे झुकले. पण थोड्याच वेळात लक्षात आलं, की गवई खाली उतरला की घुमतंय, तंबोऱ्याचा खर्ज घुमतोय, डग्गाही घुमतोय, आणि सगळ्यांचा सूर एकच. फुलदाणी आपल्या परीने साथ करत होती. मंडळी मान डोलवत होती. वकील म्हणाले, काय गांभीर्य आहे आवाजाला.

दाजींनी सासऱ्यांना विचारलं, "मामा, कसा वाटला?"

वडील म्हणाले, "जावईबापू, हा डग्गा न्हाई. हा डबा हाय."

कोणीतरी खोकलं. दाजींनी लगेच सांगितलं, की मामांचं बराबर आहे, माल खोटाच आहे, मुंबईवाल्याने फसवलं. फसवलं गेल्याचाही एक मान असतो. त्या संध्याकाळी तो त्यांना पुरेसा मिळाला.  वडील मात्र घरी आल्यावर फेटा सोडताना म्हणाले, "होता रे आत. कुठंतरी होता."

दुसऱ्या दिवशी मी दाजींकडे गेलो आणि वाळूचं सांगितलं. हैद्राबादला शिकत असताना ग्रंथालयात विलायती मासिकं चाळायची मला सवय होती आणि त्यात अशा फळीबद्दल कधीतरी वाचलं होतं. पडदा हलतो तशी त्याला धरणारी फळीही हलते, आणि हलते म्हणजे स्वतःच्या आवाजात बोलते. नुसती जाड केली तरी बोलतेच, फक्त सूर बदलते. दोन फळ्यांत वाळू भरली की कण कणावर घासतात आणि ती हालचाल तिथेच जिरते. शाळेची घंटा वाजवून हाताने धरावी तसं. मी म्हटलं, ती वाळू फसवणूक नव्हती. ती वाळूच तर त्या साहेबाने विकत घेतली होती, लाकूड तिला धरायला होतं.

दाजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, मी तीस वर्षं वाळू पकडून राह्यलो. मालात वाळू असली म्हंजे काय असतं, ते तुम्ही मला शिकवणार का?"

"ही कापसातली वाळू नाही, दाजी."

"प्रत्येक गाडीवाला हेच म्हणतो."

त्यांची अडचण मला समजत होती. भौतिकशास्त्र मान्य करायला त्यांची हरकत नव्हती, पण अख्ख्या बाजाराला अंगणात बोलावून दाखवलेला पुरावा परत कसा भरायचा. ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ही फळी दिवाणखान्यात अडचण करून राह्यली, ह्यांनी आता दारं असलेला चकचकीत रेडिओग्राम मागवलाच आहे, तर हे सगळं नानांकडं, म्हणजे आमच्या वडिलांकडं, नेऊन ठेवा.

यात एक पेच होता. वडील जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी ते पाणीसुद्धा पीत नसत. त्या संध्याकाळचा चहाही त्यांनी तोंडाला लावला नव्हता. लेकीच्या घरातून एवढी वस्तू घेणं शक्यच नव्हतं. मी घरी विषय काढला तर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. शेवटी दाजी स्वतः आले. फळीबद्दल त्यांनी अडत्याच्या भाषेत बोलणी केली. "मामा, देत न्हाई. माझ्याकडं जागा न्हाई, माल तुमच्याकडं ठेवून राह्यलो. गोदामात ठेवतात तसा. पडून खराब होऊ नये म्हणून मधूनमधून वाजवत जा."

ठेव ठेवून घेण्याला वडिलांच्या नियमात मनाई नव्हती. त्यांनी जरा विचार करून विचारलं, "ठेवीत वाळू भरली तर चालंल का?"

दाजी दाराबाहेर बघत म्हणाले, "ठेव ज्याच्याकडं, त्यानं काय भरावं त्याचा प्रश्न."

मग वाळू शोधणं आलं. नदीची वाळू भरपूर, पण ओली. ती फळीत भरली असती तर लाकूड फुगून सांधे सुटले असते. मी छपरावर पसरून पाहिली. चिमण्यांनी तिच्यात अंघोळी केल्या आणि तळाची ओल काही हटेना. आई दोन दिवस माझा हा उद्योग बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भडभुंज्याला विचार ना."

हे मला सुचायला हवं होतं. फुटाणे भाजायला भडभुंजा जी वाळू वापरतो ती चाळून चाळून एकसारखी बारीक झालेली असते, आणि रोज भट्टीवर तापते, तेव्हा तिच्यात ओल राहायचा प्रश्नच नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान होतं. त्याने भोंग्यात वाळू कशासाठी हे विचारलं, मी सांगितलं, त्याने ते गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलाने मला विचारलं, की सर, भोंगा भाजणार का.

मातीच्या नरसाळ्यातून वाळू आत सोडायची, लाकडी हातोडीने फळीला बाहेरून हलकेच ठोकायचं, वाळू खाली बसायची, मग पुन्हा सोडायची. ठोकायचं काम वडिलांनी मागून घेतलं. खाटेवरून उजव्या हाताने ते ठोकत आणि ऐकत. "इथं पोकळ हाय," म्हणत. मी सोडे. सुताराने पट्टी बसवायच्या आधी त्यांनी पूर्ण फळीवरून, वरपासून खालपर्यंत, बोटं वाजवत नेली. म्हणाले, "आता गप बसती."

ज्वारीची पोती हलवून आम्ही कोपरा मोकळा केला आणि फळी त्यात तिरकी उभी केली. मागच्या फटी जुन्या गोधड्यांनी बुजवल्या. दोन भिंती आणि जमीन मिळून कोपऱ्याचंच एक नरसाळं होतं आणि खर्ज त्यातून खोलीत मोकळा होतो, ही त्यामागची योजना. साहेबाच्या दिवाणखान्यात तिच्याशेजारी काय असेल कोण जाणे. आमच्याकडे जातं होतं.

तबकडी तीच लावली, विलंबित ख्यालाची. काहीच घुमलं नाही. एवढं साधं वाजलं, की क्षणभर मला वाटलं बिघडलं. मग डग्गा आला. त्याचा ठोका एका जागी पडला, तिथून तो वर चढला आणि विरला; पुढचा वेगळा होता, त्याच्या पुढचा आणखी वेगळा. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की सूर वाकतो, तो वाकताना ऐकू येत होता. खोलीत फुटाण्यांचा वास सुटला होता, कारण फळीला टेकवून ठेवलेल्या अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हच्या उष्णतेने ती तापली होती. आई दळायचं थांबली होती.

वडील डोळे मिटून नव्हते बसले. ते मोठ्या पडद्याकडे बघत होते, समोर बसलेल्या माणसाच्या हाताकडे बघावं तसे. तबकडी संपल्यावर म्हणाले, "मनगट चांगलं हाय त्याचं. पण घाई करतो." आणि पुन्हा लावायला सांगितली.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. एके दुपारी शाळेतून आलो तर खुंटी रिकामी होती. वडील खाटेच्या कडेला बसलेले, पुढ्यात चुंबळीवर तबला. एका हाताने तबला सुरात लावता येत नाही. हातोडी मारायला एक हात आणि तबला धरून फिरवायला दुसरा लागतो. आई जमिनीवर बसून तबला दोन्ही हातांनी धरून होती आणि ते म्हणतील तेवढा फिरवत होती. तबकडी चालू होती. सूर जुळला तसा त्यांनी ठेका धरला आणि थोड्याच वेळात थांबले.

"हा पण वाजवून राह्यलाय," ते म्हणाले. "उजव्या हातानं. मी वाजवतो, हा पण वाजवतो, दोघांची धडकाधडकी. त्याला म्हणावं, डावा तेवढा ठेव, उजवा मला दे."

मी नुसता हसलो. मग मागच्या त्या लहान डब्याकडे लक्ष गेलं. तांब्याची वेटोळी चढे आवाज अडवून खालचे मोठ्या पडद्याकडे सोडतात, कंडेन्सर खालचे अडवून चढे लहान पडद्याकडे. डब्याचं काम एवढंच, वाटणी करणं. मी वरच्या लहान स्पीकरची एक तार सोडवली.

गवई एकदम शेजारच्या घरात जाऊन गायला लागल्यासारखा झाला. त्याचे शब्द गेले, सारंगी जवळजवळ गेली. तबल्याची शाईवरची टकटक मंदावून कुठेतरी मागे राहिली. डग्गा होता तसाच समोर राहिला. वडिलांनी दोन आवर्तनं ऐकली आणि समेवर हात टाकला.

ते वाजवत असतानाच दाजी आले. ठेव बघायला म्हणून ते अधूनमधून यायला लागले होते. उंबऱ्यात उभे राहून त्यांनी ऐकलं, पुढे होऊन वरच्या लहान पडद्याला कान लावला, आणि आवर्तन संपायची वाट पाहून म्हणाले, "मामा, एवढा विलायती माल, आन् अर्धाच वाजून राह्यलाय."

वडील वाजवायचं न थांबवता म्हणाले, "अर्धा माझ्याकडं हाय ना."

दाजी ज्वारीच्या पोत्यावर टेकले. जाताना त्यांनी, कोणी बघत नाही असं समजून, फळीवर बोटाच्या पेराने ठोकलं. पुढे बाजारात ते सांगत, की मुंबईवाल्याने भरलेली वाळू बिलकुल खराब होती, ती मी काढून टाकली आणि सासऱ्यांकडे जालन्याची अस्सल भरून घेतली, तेव्हा कुठे माल वाजायला लागला. हे ते माझ्यासमोरही सांगत, आणि मी मान हलवत असे, कारण त्यात तसं खोटं काही नव्हतं.

ठेव शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. दुपारचं दळण झालं की आई जातं झाकून तबल्यापाशी येऊन बसायची, वडील हातोडी घ्यायचे, ती तबला फिरवायची. खाटेखालच्या डग्ग्यावरचं धोतर आईने एके दिवशी धुवायला काढलं आणि पुन्हा घातलं नाही.